कादंबरी पूर्ण कशी करावी: कामांचा क्रम, तयारी आणि नेहमीच्या चुका

कादंबरी अर्ध्यावर सुटते तेव्हा दोष बहुतेक वेळा प्रतिभेचा नसतो, क्रमाचा असतो. शेवट ठरलेला नसताना पहिलं प्रकरण दहादा घासलं जातं. प्रसंग जागेवर बसण्याआधी शुद्धलेखन तपासलं जातं. खर्डा पूर्ण होण्याआधीच तो कुणाला तरी वाचायला दिला जातो. यातलं प्रत्येक काम आवश्यक आहे, पण त्याची वेळ चुकली की तेच काम कादंबरी मारतं. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानंच घ्या.

## आधी आवाका समजून घ्या

पहिल्या कादंबरीसाठी ५०,००० ते ७०,००० शब्दांचा आवाका सांभाळता येण्यासारखा असतो. छापील पानावर साधारण २५० शब्द धरले, तर ६०,००० शब्दांची २४० पानं होतात. दिवसाला ५०० शब्द आणि आठवड्याला पाच दिवस लिहिलं, तर पहिला खर्डा २४ आठवड्यांत हातावेगळा होतो. पुनर्लेखनाला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. म्हणजे वर्षभराचं काम आहे आणि नोकरी-घर सांभाळून ते होतं.

इंग्रजी मार्गदर्शकांतले शब्दसंख्येचे आकडे जसेच्या तसे उचलू नका. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. ‘घरासमोरच्या’ हा आपला एक शब्द इंग्रजीत चार-पाच शब्दांची जागा घेतो. तेवढाच मजकूर मराठीत कमी शब्दांत बसतो, त्यामुळे आकडा लहान दिसला म्हणून मजकूर फुगवू नका.

## टप्पा १: विषयाची कथा करा

‘भावंडांमधला दुरावा’ हा विषय झाला. त्यावर लेख लिहिता येईल, कादंबरी नाही. कादंबरीला चार गोष्टी लागतात: माणूस कोण, त्याला काय हवंय, आडवं काय येतंय, आणि ते मिळालं नाही तर काय जाईल. चारही एका वाक्यात आणा:

‘वडिलांचं घर विकून सुमनला कर्ज फेडायचंय, पण कागदावर थोरल्या भावाची सही लागते आणि वडील गेल्यापासून सहा वर्षं तो तिच्याशी बोललेला नाही, दोन महिन्यांत सही मिळाली नाही तर तिची कार्यशाळा जप्त होईल.’

आता लिहिण्यासारखं काहीतरी हातात आलं. हवी असलेली गोष्ट डोळ्यांना दिसेल अशीच ठेवा: सही, किल्ली, पत्र, जागा. ‘तिला शांतता हवी आहे’ यावर प्रसंग उभा राहत नाही, कारण ती मिळाली की नाही हे वाचकाला कळायला मार्ग नसतो. शांततेची ओढ सहीच्या मागे राहू द्या.

याच दिवशी शेवट दोन ओळींत लिहून ठेवा. तो पुढे बदलला तरी चालेल. शेवट मनाशी असला की मधला प्रत्येक प्रसंग त्याच्या जवळ नेतोय की लांब, हे तुम्हाला विचारता येतं.

तपासणी: वाक्यातला ‘पण’ काढून बघा. अडचण काढूनही कथा तशीच चालत असेल, तर अडचण खरी नाही. पुढे जाऊ नका.

## टप्पा २: सांगणारा कोण, आणि कोणत्या भाषेत

हा निर्णय टाळला की १०० पानांनंतर सगळं पुन्हा लिहावं लागतं. म्हणून कथेच्या मध्यातला एखादा जड प्रसंग घ्या आणि तो दोनदा लिहा: ५०० शब्द ‘मी’च्या तोंडून, ५०० शब्द ‘तो’ किंवा ‘ती’ वापरून. ज्यात वाक्यं आपोआप सुचत गेली, तो तुमचा निवेदक.

‘मी’ निवडताना मराठीची एक अट लक्षात घ्या. ‘मी आलो’, ‘मी आले’ म्हणताच निवेदकाचं लिंग उघड होतं. निवेदक कोण हे गुपित ठेवण्यावर कथा उभी असेल, तर हा पेच पहिल्या पानाआधी सोडवायला हवा. ‘मी दार उघडलं’सारख्या रचनांनी काही पानं निभावतं, दोनशे पानं नाही.

तृतीय पुरुषात एका प्रसंगाला एकाचेच डोळे द्या. सर्वांत जास्त पाय इथे घसरतात (दिनकर म्हणजे सुमनचा थोरला भाऊ):

‘सुमननं दार वाजवलं. आत दिनकरनं तिची थाप ओळखली आणि त्याच्या पोटात गोळा आला.’

प्रसंग सुमनचा असेल तर आतला गोळा तिला कसा कळला? तिच्या बाजूनं तो असा लिहावा लागतो:

‘सुमननं दार वाजवलं. आतला रेडिओ बंद झाला. दार उघडलं नाही.’

माहिती कमी झाली आणि ताण वाढला.

यानंतर एका कागदावर भाषेचे नियम लिहून काढा. निवेदनात ‘केले’ की ‘केलं’? ‘सुमनने’ की ‘सुमननं’? संवादात कोण बोली बोलतं आणि किती? कोण कुणाला ‘तू’, ‘तुम्ही’, ‘अहो’ म्हणतं? हा शेवटचा तक्ता नीट करा. सुमन भावाला लहानपणापासून ‘तू’ म्हणत असेल आणि एका क्षणी ‘तुम्ही’ म्हणाली, तर ती कथेतली मोठी घटना आहे. लेखकाच्या नजरचुकीनं तसं झालं, तर वाचक उगाच अर्थ शोधत बसतो.

## टप्पा ३: प्रसंगांची यादी

पोस्टकार्डाएवढे कागद घ्या, एका कागदावर एक प्रसंग. ४० ते ५० कागद पुरतात. १,२०० ते १,५०० शब्दांचा एक प्रसंग धरला तर हिशोब बरोबर बसतो. प्रत्येक कागदावर फक्त चार ओळी:

1. कुठे, केव्हा, कोण कोण
2. मुख्य पात्राला या प्रसंगात काय हवंय
3. कोण किंवा काय आड येतं
4. प्रसंग संपताना काय बदललेलं असतं

चौथी ओळ सर्वांत महत्त्वाची. तिथे ‘काही नाही’ असं लिहावं लागत असेल, तर तो प्रसंग नाही, वर्णन आहे. त्यातलं हवं तेवढं शेजारच्या प्रसंगात घाला आणि कागद बाजूला ठेवा.

सगळे कागद एकदम भरत नाहीत. आधी पाच खुंट्या ठोका: अडचण दारात येते तो प्रसंग, साधारण चौथ्या हिश्शाला जिथून मागे फिरता येत नाही तो, मध्यावर जिथे आधीची समजूत उलटते तो, तीन चतुर्थांशाला जिथे सगळं हातचं जातं तो, आणि शेवटचा निर्णय. मग मधल्या जागा भरा. २५ कागदांवर अडलात तरी लिहायला सुरुवात करा. उरलेले लिहिता लिहिता सुचतात.

आता कागद जमिनीवर ओळीनं मांडा आणि दोन कागदांच्या मध्ये कोणता शब्द बसतो ते मोठ्यानं म्हणून बघा. ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसला तर साखळी धरलेली आहे. ‘आणि मग’, ‘आणि मग’ असं सलग तीनदा आलं, तर तिथे नुसत्या घटना घडताहेत, एकीमुळे दुसरी घडत नाही. पहिली घटना थोडी वाकवून दुसरीचं कारण करा.

सावधान: तयारीला मुदत घाला, चार ते सहा आठवडे. पात्रांच्या चरित्रांच्या वह्या भरणं आणि संदर्भ गोळा करणं हे काम सुखाचं असतं. तिथे नापास होण्याची भीती नसते, म्हणून ते लांबत जातं.

## टप्पा ४: पहिला खर्डा

हा टप्पा सर्वांत लांब, आणि बहुतेक कादंबऱ्या इथेच गळतात. पहिल्या खर्ड्याचं काम एकच, कथा सुरुवातीपासून शेवटापर्यंत कागदावर आणणं. तो चांगला असणं अपेक्षितच नाही. वाक्य बेढब वाटलं, पात्र लाकडी वाटलं, तर ते तुमच्या कुवतीचं माप समजू नका. कथा शोधत असताना भाषा ठेचकाळणारच, कारण दोन्ही कामं एका वेळी कुणालाच नीट जमत नाहीत.

रोज मागे किती वाचायचं? कालचं शेवटचं पान, बस. त्यातलाही फक्त टंकनदोष सुधारायचा.

सुचलेला बदल कुठे लिहायचा? मागच्या प्रकरणात नाही. ‘बदल’ नावाची वेगळी यादी ठेवा: ‘प्रकरण ३: दिनकरच्या हाताला जुनी जखम दाखवणे.’ आणि पुढचा मजकूर जखम आधीपासून आहे असं धरून लिहा. हा एक नियम पाळला तर महिने वाचतात.

माहिती नसेल तर? चौकटी कंसात [तपास: जप्तीची नोटीस किती दिवसांची] असं लिहा आणि पुढचं वाक्य सुरू करा. नंतर ‘[तपास’ शोधलं की सगळ्या जागा एका बैठकीत सापडतात. इंटरनेटवर ‘दोन मिनिटं’ बघायला गेलेला तास परत येत नाही.

कुठे थांबायचं? प्रसंग संपल्यावर नव्हे, तो ऐन रंगात असताना, पुढचं वाक्य माहीत असताना. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानापुढे बसावं लागत नाही.

हातानं लिहिणाऱ्यांनी एका पानावरच्या दहा ओळींतले शब्द मोजून सरासरी काढावी आणि पुढे पानं मोजावीत. रोज शब्द मोजू नका. दर आठवड्याला मजकुराचे फोटो काढून किंवा फाइलची प्रत करून दुसऱ्या ठिकाणी ठेवा.

### लिखाण अडलं तर

‘सुचत नाही’ हे लक्षण आहे, कारण वेगळं असतं. या क्रमानं बघा:

- या प्रसंगात पात्राला नेमकं काय हवंय? उत्तर आलं नाही तर दोष तिथेच.
- प्रसंग फार आधी सुरू केलाय का? पात्र झोपेतून उठतं, आवरतं, प्रवास करतं, पोहोचतं, तोवर लेखकही थकतो. दार उघडण्यापासून सुरू करा.
- मागच्या प्रसंगात पात्राला सोयीसाठी खोटं वागवलंय का? सुमननं जी गोष्ट कधी माफ केली नसती ती तुम्ही तिला पटकन माफ करायला लावली, तर पुढचं पान रुसतं. ‘बदल’ यादीत नोंद करा आणि तिनं माफ केलेलं नाही असं धरून पुढे लिहा.
- यातलं काहीच नसेल, तर प्रसंगाच्या जागी तीन ओळींचा सारांश लिहून पुढच्या प्रसंगावर जा.

२०,००० ते ३०,००० शब्दांच्या दरम्यान एक मोठा उतार येतो. नवेपणा ओसरलेला असतो, शेवट दिसत नसतो आणि दुसरी एखादी कल्पना फार आकर्षक वाटू लागते. ती कल्पना एका पानावर लिहून बाजूला ठेवा, पण कादंबरी बदलू नका. तिच्याही २५,००० शब्दांवर हाच उतार आहे. या दिवसांत ५०० ऐवजी २०० शब्द लिहा, पण बैठक मोडू नका. इथून पार झालेला माणूस सहसा शेवटापर्यंत पोहोचतो.

सावधान: अपुरा खर्डा कुणालाही वाचायला देऊ नका. कौतुक झालं तर लिहिण्याची गरज भागल्यासारखी होते, टीका झाली तर तुम्ही मागे जाऊन दुरुस्त करत बसता. दोन्हीत खर्डा थांबतो.

## टप्पा ५: झाकून ठेवा

शेवटचं वाक्य लिहून झालं की चार ते सहा आठवडे फाइल उघडायची नाही. डोक्यात असलेलं आणि कागदावर आलेलं यांतला फरक दिसायला एवढं अंतर लागतंच. फाइल बंद करण्याआधी चौकटी कंसातल्या जागांची यादी काढून घ्या आणि या काळात त्या तपासण्या करा.

## टप्पा ६: दुरुस्ती न करता वाचन

मजकूर छापून घ्या. ते शक्य नसेल तर अक्षर बदलून वेगळ्या पडद्यावर घ्या. दोन-तीन दिवसांत सगळा वाचा. वाक्य सुधारायचं नाही, समासात फक्त खुणा करायच्या: ‘कं’ म्हणजे कंटाळा आला, ‘?’ म्हणजे पटलं नाही, ‘पु’ म्हणजे हे आधी येऊन गेलंय, आणि ‘✓’ म्हणजे इथे जीव आहे. शेवटची खूण विसरू नका. पुनर्लेखनात चांगलं तेच आधी खरडून जाण्याचा धोका असतो.

वाचून झाल्यावर प्रत्येक प्रसंगाची एक ओळ लिहा, ठरवलेली नव्हे, प्रत्यक्षात कागदावर असलेली. शेजारी दिवस, महिना आणि पात्रांची वयं लिहा. आठ महिन्यांचं बाळ दोन महिन्यांनी शाळेत जाणं, रविवारी बँकेत पैसे भरणं, असल्या चुका या तक्त्यातच सापडतात.

## टप्पा ७: पुनर्लेखन, मोठ्याकडून लहानाकडे

भिंत पाडायची की नाही हे ठरण्याआधी रंग देऊ नये. लख्ख केलेल्या वाक्यांवर जीव जडतो आणि नको असलेला प्रसंग कापवत नाही. म्हणून चार फेऱ्या घ्या, प्रत्येक वेळी नवी प्रत करून.

पहिली फेरी, रचना. प्रसंग काढणं, जोडणं, जागा बदलणं. बऱ्याच खर्ड्यांत खरी सुरुवात दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकरणात सापडते. आधीचा मजकूर लेखकाला पात्रं ओळखायला उपयोगी पडलेला असतो, वाचकाला त्याची गरज नसते. काढलेलं सगळं ‘काढलेलं’ नावाच्या फाइलमध्ये ठेवा. फेकायचं नाही म्हटल्यावर हात धीटपणे चालतो.

दुसरी फेरी, पात्रं. एका वेळी एकच पात्र घ्या आणि फक्त त्याचेच प्रसंग सलग वाचा. दिनकर पहिल्या भेटीत कसा होता आणि शेवटी कसा आहे? मधला बदल कोणत्या प्रसंगात घडला, त्यावर बोट ठेवता आलं पाहिजे.

तिसरी फेरी, प्रसंग आणि संवाद. प्रत्येक प्रसंगाचे पहिले दोन आणि शेवटचा एक परिच्छेद झाकून वाचा. काही बिघडत नसेल तर कापा. संवादात नेहमीची चूक म्हणजे वाचकाला माहिती देण्यासाठी पात्रांना बोलायला लावणं:

‘दादा, तुला माहीतच आहे की बाबांना जाऊन सहा वर्षं झाली आणि तेव्हापासून आपण बोलत नाही,’ सुमन रागानं म्हणाली.

दोघांनाही माहीत असलेली गोष्ट कुणी अशी सांगत नाही. तीच माहिती वस्तूच्या आडून येऊ द्या:

‘बाबांची खोली अजून कुलपातच?’
‘किल्ली तुझ्याकडे आहे.’
‘सहा वर्षांपूर्वी तुझ्या पत्रपेटीत टाकलीय मी.’
दिनकर उठला आणि त्यानं पंखा बंद केला.

सहा वर्षं, अबोला, राग, सगळं आलं. ‘रागानं’ हा शब्द लागला नाही. शिवाय एक प्रश्न उभा राहिला: किल्ली खरंच मिळाली होती का?

चौथी फेरी, भाषा. सगळं मोठ्यानं वाचा, दिवसाला २०-२५ पानांपेक्षा जास्त नको. मराठीत क्रियापद वाक्याच्या टोकाला येतं, त्यामुळे एकाच शेवटाची वाक्यं लगेच कानाला खटकतात. ‘खोलीत टेबल होतं. टेबलावर दिवा होता. दिव्याखाली पाकीट होतं.’ याऐवजी ‘टेबलावरच्या दिव्याखाली पाकीट’ एवढंच पुरतं. क्रियापदाशिवायचं वाक्य मराठीत सहज उभं राहतं. तुमच्या लकबीच्या शब्दांची यादी करा (अचानक, जणू, एकदम, क्षणभर, तिला वाटलं) आणि एकेक शब्द शोधून निम्म्याहून जास्त ठिकाणचे काढा.

तपासणी: चौथ्या फेरीत पुन्हा प्रसंगांची जागा बदलावीशी वाटत असेल, तर पहिली फेरी अपुरी राहिलीय. मागे जा. भाषेचं काम तिथेच थांबवा.

## टप्पा ८: पहिले वाचक

तीन ते पाच जण पुरे, आणि त्यात निदान दोघं तुमच्या घरातले किंवा जिवलग नसावेत. ‘आवडली का?’ विचारू नका, उत्तर ‘हो’च येणार. विचारा: वाचन कुठे थांबवलंत? कोणत्या पानावर मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं? कुणाची नावं गोंधळली? मध्यावर असताना पुढे काय होईल असं वाटलं?

ते बोलत असताना समजावून सांगू नका, लिहून घ्या. छापील पुस्तकासोबत तुम्ही प्रत्येक वाचकाच्या घरी जाणार नाही. दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर तिथे दोष आहे हे धरून चाला. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र घ्यायलाच हवा असं नाही. ‘शेवट घाईचा वाटला’ याचं मूळ पुष्कळदा शेवटात नसतं, आधीच्या ५० पानांत तयारी झालेली नसते.

## टप्पा ९: प्रत तयार करणं आणि पाठवणं

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांवर नीट वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, असू द्या. जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन उघडते. जुन्या फाँटमधून रूपांतर केलं असेल तर जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासा, बिघाड तिथेच होतो.

पात्राचं नाव बदलताना ‘सगळे बदला’ हा आदेश देऊ नका. ‘राम’ बदलायला गेलात तर ‘आराम’ही बदलेल. उलट ‘लता’ शोधलंत तर ‘लतेनं’, ‘लतेला’ सापडणार नाहीत. सगळी सामान्यरूपं वेगवेगळी शोधा आणि एकेक बदल बघून करा. शुद्धलेखनाची अंतिम तपासणी दुसऱ्या जाणत्या माणसाकडून करून घ्या. आपल्याच मजकुरात डोळा चुकीवरून घसरतो.

प्रकाशकाकडे पाठवण्याआधी त्याची अलीकडची पुस्तकं चाळून तो कादंबऱ्या काढतो का हे बघा आणि त्याच्या सूचना वाचा. त्या नसतील तर एक पानाचं पत्र, शेवटासकट एक-दोन पानांचा सारांश आणि पहिली तीन प्रकरणं पुरतात. शेवट लपवलेला सारांश संपादकाच्या कामाचा नसतो. कुठे, केव्हा, काय पाठवलं याची नोंद ठेवा.

होकार आला तर करारातली ही कलमं सहीआधी वाचा: हक्क किती वर्षांसाठी, ई-पुस्तक आणि ध्वनिपुस्तक त्यात आहे का, अनुवादाचे आणि चित्रपटाचे हक्क कुणाकडे, मानधनाचा हिशोब केव्हा मिळणार, आणि पुस्तक बाजारात मिळेनासं झालं तर हक्क तुमच्याकडे परत कसे येणार. शेवटचं कलम नसेल तर ते घालायला सांगा. खर्च लेखकानंच करायचा असेल, तर किती प्रती छापणार, त्या कुणाच्या मालकीच्या आणि विकणार कोण, हे लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.